सामोसचा झेंडा आणि दीड वीत कापड

कोल्हापूरच्या स्टँडवर बस सुटायला लागली तेव्हा दादा खिडकीशी आला आणि म्हणाला, "जा तू. यंदापासून तुझ्या टोकाला नामा बसेल."

नामा आमचा चुलतभाऊ. गावच्या जत्रेत देवाच्या काठीला लागतं ते भगवं निशाण शिवायचा मान आमच्या घराचा. दोघं भाऊ दोन टोकांनी हातानं शिवत येतात आणि मधे भेटतात. माझी बस अजून स्टँडात उभी होती आणि माझं टोक वाटून टाकलं होतं. तो राग मी विमानातून घेऊन आलो आणि इथे अमेरिकेत कसोशीनं सांभाळला.

ऑफिसात माझं कुणाशी पटलं नाही, म्हणून शॉमबर्गला बॅनर-झेंड्यांचं स्वतःचं दुकान काढलं. इथे घासाघीस नाही. गिऱ्हाईक छापील दर बघतं आणि कार्ड पुढे करतं. पार्किंग लॉटमध्ये सॅम्पलचे झेंडे फडफडतात. दुपारी डोळा लागला की तो आवाज कुठल्या देशातला, ते कळेनासं होतं.

गेल्या मार्चमध्ये शेजारच्या बेकरीचा ग्रीक म्हातारा यानी आला. त्याला आजोबांच्या सामोस बेटाचा जुना झेंडा हवा होता. बेट तेव्हा तुर्की सुलतानाच्या छत्राखाली, पण कारभार बेटाचा बेटावर. झेंड्यात वर सुलतानाचा लाल, खाली ग्रीकांचा निळा, निळ्यात पांढरा क्रॉस.

मी म्हटलं, "निळा वर घेऊ या. आता कोण बघतंय?"

यानी भडकला. "दुकान तुझं आहे, इतिहास नाही! लाल वरच होता."

पुढे बेट ग्रीसमध्ये सामील झालं आणि हा झेंडा उतरला. आजोबांना तेच हवं होतं, तरी उतरवलेला झेंडा त्यांनी मरेपर्यंत पेटीत जपला. "अर्धाच," यानी म्हणाला, "पण आमचा."

तो दुकानातून गेल्यावर मी लाल आणि निळा जोडत बसलो. सुई आपोआप चालत होती, बाहेर वारा. इतकी वर्षं मी दादाकडे सगळं मागत आलो. मान, जागा, वर माफीही. थोडं कधी मागितलंच नव्हतं.

दादाला फोन लावला. "निशाणाचं कापड पाठव. माझं टोक इथे शिवतो, उरलेलं तू शीव."

"मशीनचं देवाला चालत नाही."

"हातानं शिवतो."

"टाके मोठे घालशील. आळशी तो आळशीच."

"मग ये बघायला!"

"वीतभर देईन."

"दोन वीत."

"दीड. आणि नामाला तूच सांगायचंस. तोंड आहे ना?"

दोनवर मी अडून बसू शकलो असतो. नाही बसलो.

तिकडचे तुम्ही आणि इकडचे तुम्ही, दोघंही मला विचारता, घर कुठलं म्हणायचं? शॉमबर्गचं माझ्या नावावर आहे, पण इथे मला आळशी म्हणणारं कुणी नाही. गावात माझी खोली उरलेली नाही, पण दीड वीत कापडासाठी अजून कुणीतरी माझ्याशी भांडतं. सध्या मी त्यालाच घर म्हणतो.