एच शेवटी चिकटवला तेव्हा...

सोमवारी कॉलेजात माझी पार शोभा झाली. तेव्हापासून कुणाशी धड बोलले नाही. आज मात्र लिहून मोकळी होते.

इथल्या जुन्या मैत्रिणींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. बारावी सायन्स झाले आणि लगेच लग्न झालं, शिक्षण तिथंच राहिलं. यंदा थोरली लेक ऋतुजा बी.एस्सी.ला निघाली, तेव्हा हट्टानं तिनं मलाही ॲडमिशन घ्यायला लावलं. आमच्या तेर गावाहून आम्ही दोघी एकाच बसनं धाराशिवला जातो आणि एकाच वर्गात बसतो.

पण आम्ही मायलेकी आहोत हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी कागदपत्रं माहेरच्या नावाची, त्यामुळं हजेरीत आडनावं वेगळी. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, "कॉलेजात मला आई म्हणू नको. पोरं चिडवतील तुला." ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात बस आली.

मग रोजचंच झालं. स्टँडवर उतरलं की ती पुढं, मी मागं. ती मैत्रिणींत, मी भिंतीकडच्या बाकावर. सगळे मला मावशी म्हणायचे... ती मात्र काहीच म्हणायची नाही.

तर सोमवारी गणिताच्या तासाला सरांनी फंक्शन घेतलं. फळ्यावर लिहिलं, f(x) = x² + 3x. एक्सच्या जागी दोन टाकले तर? मी पटकन म्हणाले, दहा. पाच टाकले तर? चाळीस.

सर खूश झाले. "बघा रे, मावशींकडून शिका जरा. या मावशी, पुढचं फळ्यावर येऊन सोडवा." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... पदर सावरत ऐटीत गेले.

सरांनी खाली लिहिलं, f(x + h) काढा. मी बेधडक लिहून टाकलं, x² + 3x + h. आणि खडू ठेवून वळलेसुद्धा.

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. "अहो मावशी, तो एच शेवटी कुठं चिकटवला? मघाशी दोन कुठं कुठं टाकला होता, आठवा बघू," सर म्हणाले. सर वाईट नाहीत हो, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

आकडा असता तर टाकला असता... पण एक्सच्या जागी पुन्हा एक्स अधिक एच? एक्स तर तिथं आधीच बसलाय, मग एच नुसता पुढं जोडायचा, एवढंच मला वाटलेलं. चूक कुठं झाली तेच कळेना.

आणि मी काय बोलून गेले... "सर, नीट दिसलं नाही. चष्मा विसरलाय." चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

मग काय, अख्खा वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, घरी भाकरी करपायलीय बघा!" कानशिलं तापली माझी. ऋतुजाकडं बघितलं, तर ती खाली मान घालून बसलेली. वाटलं, पोरीला माझी लाज वाटतीय. उद्यापासून यायचंच नाही, हे मी तिथंच ठरवलं.

तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज आला. ऋतुजा उठली आणि सरळ फळ्यापाशी आली.

"आई, सरक की जरा."

सर तिच्याकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघत राहिले.

तिनं उत्तर लिहिलं नाही. सरांनी लिहिलेल्या पहिल्या ओळीतले सगळे एक्स बोटानं पुसले आणि तिथं रिकामे कंस काढले. f( ) = ( )² + 3( ). मग खडू माझ्याच हातात दिला. "एक्स ही नुसती जागा हाय आई. इनपुट म्हणून जे देतील ते अख्खं उचलायचं आणि सगळ्या कंसांत तेच ठेवायचं. इथं एक्स अधिक एच मिळून एकच इनपुट हाय."

मी लिहिलं, (x + h)² + 3(x + h). आणि लिहिता लिहिता कळलं... खरंच कळलं! "बरोबर," सर म्हणाले.

ऋतुजा पोरांकडं वळली. "मला बी आधी हेच अडलं होतं. हसायचं काय त्यात?"

पण माझी लाज काही कमी झाली नाही. तास संपेपर्यंत मान वर केली नाही. परतताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. शेवटी न राहवून म्हणाले, "कशाला सांगितलंस सगळ्यांना? आता तुलाच चिडवतील."

"मला कधी लाज वाटली गं तुझी?" ती म्हणाली. "तूच ठरवलंस. एकदा तरी विचारलंस का मला? खाली मान घातली ती रडू यायलं होतं म्हणून. तू चष्म्याचं खोटं बोललीस ना, ते बघवलं न्हाय मला."



गणित चुकल्याची लाज आता ओसरलीय. पण लाज सगळी माझी होती, आणि मी ती इतके दिवस पोरीच्या नावावर खपवली, तिला न विचारता. ती बिचारी रोज माझ्या पुढं चालत राहिली, माझ्यासाठी. हे मनातून जात नाही.

न यायचं ठरवलेलं मोडून आज कॉलेजात गेले, तर ती मैत्रिणींना सोडून माझ्या बाकावर येऊन बसली. माझी पिशवी सरकवून जागा केली. तेव्हाही माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथं लिहितेय... ऋतू, चुकलं माझं. आणि सगळ्यांसमोर मला आई म्हणालीस, त्यासाठी थँक्यू, बाळा.