रंगोजी मास्तरांचा पाव गोल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने माफ करावं.

जे. पी. नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रंगोजी मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. आखणीचा खडू ते जिभेवर ओला करत आणि गिऱ्हाइकांना हिशेब ऐकवत. "पाव गोल असला तर मध्यापासून टोकापर्यंतच्या मापाची दीडपट आणि वर स्वल्प. अर्धा गोल असला तर पाव गोलाच्या मापाची दुप्पट. कागद कशाला लागतो, अक्का?" पांढरी लाळ ओठांच्या कोपऱ्यात साचायची. किळस यायची, पण हात चांगला म्हणून मी जायची.

माझ्या मुलीच्या, सुमीच्या साखरपुड्यासाठी चार पाव गोल जोडून घागरा शिवायला टाकला. शिलाई आधीच दिली. खाली लावायला माझ्या गेलेल्या आईच्या साडीचा जरीकाठ दिला, दोन्ही बाजूंचा. पुरून उरला असता.

आणायला गेले तर दीड हात काठच नाही. तिथे पिवळी चकचकीत पट्टी.

"साडीच तोकडी होती," मास्तर म्हणाले. "मागे येतं ते. कोण बघतंय?"

"एकदा मोजा," मी म्हटलं.

त्यांनी घागऱ्याच्या कमरेपासून खाली टेप लावला आणि ते थांबले. गोलाचा मध्य कमरेवर नसतो. कमरेसाठी जे भोक कापतात, त्याच्या मधोमध असतो. तिथून कमरेपर्यंतचं माप त्यांनी धरलंच नव्हतं, म्हणून काठ कमी कापला. "कमरेचा गोल राहिला," ते पुटपुटले.

चूक कुणाचीही होते. मी म्हटलं, "उरलेला काठ द्या, मी जोडते." तेवढ्यात मागे टांगलेला ब्लाउज दिसला. कुणाच्या तरी बाह्यांवर माझ्या आईचा काठ.

"उरलेलं शिंप्याचं असतं, अक्का. रीतच आहे," म्हणून ते हसले.

सुमी साखरपुड्याला सगळा वेळ भिंतीला पाठ लावून बसली.

मला भांडता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर घागरा पसरून बसू लागले, पट्टी रस्त्याकडे करून. बायका वाकून बघत आणि आपलं कापड घेऊन परत जात.

"हे घ्या आणि उठा," म्हणत मास्तर थोडे थोडे पैसे देऊ लागले. मी घ्यायची आणि उद्या पुन्हा बसायची.

शेवटी म्हणाले, "फिटलं ना सगळं, अक्का?"

मी आतापर्यंतचे पैसे मोजले. शिलाई पूर्ण आली होती. आईचा काठ आला नव्हता, म्हणून मी घागरा पुन्हा पसरला, पट्टी रस्त्याकडे करून.