नऊ व्होल्टवरचा माणूस

गल्लीत कुणाचं खेळणं बंद पडो, कुणाच्या दारावरची बेल मुकी होवो, लोक सरळ मीटरबाईकडे यायचे; हातात सदा तपासणीचा मीटर, म्हणून हे नाव. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस म्हणून काढल्यावर तिचा हात या कामात असा बसला होता, की निवृत्तीनंतर तिने पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं आणि दुरुस्त्या सुरू केल्या. आतल्या खोलीत तिचा नवरा पडून असायचा. तो टेलिफोनच्या तारा ओढणारा लाइनमन. अख्खं आयुष्य खांबांवर गेलेलं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, पाय गेले, मागोमाग बोलणंही गेलं. आता दिवसभर छताकडे बघायचा, एवढंच.

कामात एक कटकट होती. एका वस्तूला तीन व्होल्ट लागायचे, दुसरीला बारा. बॅटऱ्या जोडता जोडता बाई वैतागून जायची. शेवटी तिने हवे तेवढे व्होल्ट देणारा स्वतःचा पॉवर सप्लाय बनवायला घेतला. मोडक्या अॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर काढला, डायोड आणि कपॅसिटर जोडले, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून दोन काटेवाले मीटर बसवले. एक व्होल्टचा, एक करंटचा. मधोमध फिरवायचं बटण. पहिल्यांदा चालू करताना तिने वायरीत एक बल्ब जोडला, काही चुकलं असलंच तर डबा जळण्याआधी बल्ब पेटावा म्हणून. बल्ब लुकलुकला आणि विझला. ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणू लागला.

"जमलं हो!" तिने आत ओरडून सांगितलं. उत्तराची अपेक्षा नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बटण बारावर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. परत येऊन पाहते तर काटा नऊवर. बटण सैल असेल म्हणून तिने स्क्रू आवळला. दुसऱ्या दिवशी पाचवर ठेवलं, तर पुन्हा नऊ. सैल बटण खाली घसरेल, पाचावरून नऊवर कसं चढेल? तिने डबा उघडून सगळे सांधे तपासले. काहीही वावगं नव्हतं. मग तिने बटणाला कागदाची पट्टी चिकटवली, दाराला कडी घातली आणि बाजारात जाऊन आली. कडी जशीच्या तशी होती. पट्टी नीट सोलून टेबलाच्या कडेला लावलेली होती. काटा नऊवर.

घरात दुसरं होतं कोण?

पुढच्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून उभी राहिली. आतली खाट करकरली. ज्याला कुशीवर वळवायलाही ती लागायची, तो नवरा भिंतीला हात लावत चालत बाहेर आला. त्याने दोन बोटांनी बटण फिरवलं, वाकून डब्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि आला तसा परत गेला. बाईने डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. "बाई, त्या पायांत जीवच नाही. तुमची झोप होत नाहीये."

मग तिने वेगळंच केलं. माळ्यावरून त्याचा कामावरचा जुना हँडसेट काढला, खांबावर तारेला लावून बोलायचा तो. नऊ व्होल्टवरच चालणारा. तो सप्लायला जोडला आणि पुन्हा दाराआड उभी राहिली.

तो आला. हँडसेट कानाला लावला. "बोल," म्हणाला. स्वच्छ, पूर्वीच्याच आवाजात. "हो. नाही, घरीच. ती? ती दारामागे उभी आहे."

तिची नजर मीटरवर गेली. माणूस बोलला की हँडसेटमधला करंट हलतो, हे तिने शाळेत कितीदा मुलांना दाखवलं होतं. इथे तो बोलताना काटा हलत होता, आणि तो गप्प राहून ऐकत असतानाही हलत होता. हँडसेटच्या दोन्ही वायरी सप्लायला लागलेल्या. पलीकडे काहीही जोडलेलं नव्हतं.

ती नवऱ्याच्या जुन्या मुकादमाकडे गेली. नऊ व्होल्ट म्हणताच म्हातारा खाली बघू लागला. "त्याचा जोडीदार होता. हा एका खांबावर, तो पलीकडच्या. दुपारी तारेवरून बोलत होते. मधेच त्या बाजूचा आवाज थांबला. वरून त्याच्यावर वीजवाहिनी तुटून पडली होती, जागीच गेला. यानं दोन तास हँडसेट सोडला नाही. म्हणे, अजून बोलतोय. तुला कधी सांगितलं नाही?"

"नाही," बाई म्हणाली.

सप्लाय मोडून टाकावा, असं वाटेत दहादा तिच्या मनात आलं. घरी आल्यावर तिने त्याला हातही लावला नाही. स्वतःच्या कामासाठी दुसरा बनवायला घेतला. नवरा रोज दुपारी येऊन बोलायचा, ती शेजारी आपलं काम करायची.

महिनाभराने एका दुपारी ती सोल्डर करत असताना नवरा बोलता बोलता थांबला, आणि त्याने हँडसेट तिच्यापुढे धरला.

"घे. तुझ्याशी बोलायचं म्हणतोय."

हँडसेटमधून काहीतरी पुटपुटल्यासारखं येत होतं. ट्रान्सफॉर्मरचीच गुणगुण असेल. ती ऐकायला वाकली नाही.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "माझे हात गुंतलेत."

त्याने हँडसेट परत कानाला लावला आणि शब्दन् शब्द सांगितला. पलीकडचं ऐकून तो हसला, अगदी खळखळून. बाईने मान खाली घातली आणि सांधा पुरा केला.