वरचा सूर कोणाचा?

माझे कान फार तिखट आहेत, हे मी स्वतःच ठरवलेलं आहे.

बुलढाण्यात मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो आणि आवाजातलं मला कळतं, असं घरच्यांना सांगत असतो. (घरच्यांनी कधी विचारलेलं नसतं.) म्हणून बाबांनी त्यांची एकुलती एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. तरुणपणी धाड या गावी त्यांची गायन पार्टी होती, जयंतीला गावोगाव भीमगीतं गायची. कॅसेटमधल्या एका गाण्यात शेवटी असा वरचा सूर लागतो की अंगावर काटा येतो. तो सूर आपला, असं बाबा म्हणत. पार्टीतले त्यांचे जोडीदार साहेबराव काका खामगावला बसून अगदी तेच म्हणत. यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"यंदा जयंतीले हे गाणं लावाचं हाये. लोकायले नाव कोणाचं सांगाचं?" बाबा म्हणाले. "मराच्या आधी एकदाचा निकाल लाव बे!"

झालं! मी कोर्टच भरवलं. गाणं दाबून त्याची एमपी-थ्री करताना, माणसाला तसंही ऐकू येणार नाही असं जे वाटेल ते प्रोग्रॅम काढून टाकतो. त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती जरा धसमुसळी, नवी म्हणे फार हलक्या हाताची. दोन्हींतून गाणं काढायचं, पेनड्राइव्हवर टाकायचं, जुन्या फाइलला 'एक' आणि नव्या फाइलला 'दोन' नाव द्यायचं. नव्या फाइलीत आवाज ओळखू येणारच, अशी मी बाबांना हमी दिली.

रविवारी काका आले आणि बाबांकडे पाठ करून बसले. आईनं चहा दिला. मी 'एक' वाजवली.

"हाच!" काका खुर्चीतून उठले. "सोळा आणे माहा आवाज!"

मग 'दोन' वाजवली.

"आता बोल!" बाबा गरजले. "हा कोण हाये मंग? मीच ना!"

"याच्यात मशीननं तुहा आवाज घुसवला!"

"मशीन माह्या घरची हाये म्हणून का वशिला लावते?"

दोघंही माझ्याकडे वळले. मी हेडफोन चढवला, डोळे मिटले, दोन्ही फाइली पुन्हा ऐकल्या. "एकमध्ये झांज चरचरते, सूर गढूळ आहे," मी जाहीर केलं. "दोनमध्ये पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा येतो. जमीन-अस्मानाचा फरक! आवाज बाबांचाच!" (न्यायाधीश कोणाचा मुलगा, हे ध्यानात घ्यावं.)

काकांनी चपला घातल्या. "पाणीबी पेनार नाही या घरचं!" (चहा दोनदा झाला होता.)

तेवढ्यात माझी बायको सुनीता लॅपटॉपसमोरून म्हणाली, "अहो, नवी फाइल तं अजून इथंच हाये. पेनड्राइव्हमध्ये तुम्ही जुनीच दोनदा टाकली."

मी हेडफोन उतरवला. काका दारातच थांबले.

"मंग आवाज कोणाचा?" बाबांनी विचारलं.

"माहा," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "त्या दिवशी तुमचे दोघायचेबी गळे बसले होते. वर कोणाचाच आवाज जाऊन नव्हता राह्यला. मी मांगं कोरसमध्ये होती, म्या उचलला."

आणि भाकरी थापता थापता तिनं तो सूर लावला. तोच! अंगावर तोच काटा! काकांनी हळूच चपला काढल्या.

"आधी काऊन नाही सांगतलं?" बाबांचा आवाज पार खाली आला होता.

"तुमचं भांडण थांबन तं सांगीन ना! मशीननं बिचारीनं ठेवला माहा आवाज. काढून टाकला तो तुम्ही."

 मग बाबाच मला म्हणाले, "जयंतीले नाव हिचंच सांगजो." काकांनी मान हलवली, आणि दोघं बऱ्याच वर्षांनी एका चटईवर जेवायला बसले.

मी हेडफोन गुंडाळत होतो. लहानपणापासून ज्या आवाजाच्या हाका ऐकत वाढलो, तो आवाज दोन्ही फाइलींत होता. मला झांज ऐकू आली, भाता ऐकू आला, आई तेवढी ऐकू आली नाही.

"कानायची काही नवी आवृत्ती येते का, पाहा," सुनीता म्हणाली.

मी पाहिलं. येत नाही.