चौतीस पाठी

डोरीन हेस्लप जन्मात कुणाशी आवाज चढवून भांडली नव्हती. इंग्लंडातल्या साउथ शील्ड्स गावच्या एका कारखान्यात ती गोदी कामगारांचे कपडे शिवायची आणि घरी आल्यावर पोरांच्या डेनिम जाकिटांच्या पाठीवर बँडची नावं भरून द्यायची. १९८० साल होतं. गल्लीगल्लीत पोरांनी हेवी मेटलचे बँड काढले होते. आपणच तबकडी काढायची आणि पिशवीत घालून विकत हिंडायचं. तिच्या धाकट्या भावाचा, नेव्हिलचा, बँड होता कोल्डफोर्ज. नेव्हिल ड्रम वाजवायचा. कामगार क्लबात ते रंगात आले की सेक्रेटरी माइक ओढून घेऊन बिंगोचा, म्हणजे आकडे जुळवायचा, खेळ सुरू झाल्याचं सांगे आणि गाणं तिथेच मरे. तरी दोन वर्षं त्यांनी नेटाने काढली.

मग लंडनच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. गाणारा ग्लेन टर्नबुल नेव्हिलला म्हणाला, पुढच्या आठवड्यात कळवतो. तो आठवडा काही उजाडला नाही. नेव्हिलला कळलं ते थेट दुकानात. नव्या तबकडीच्या पाकिटावर ड्रमवाला म्हणून कुणी लंडनचा, आणि जे गाणं नेव्हिलने आईच्या स्वयंपाकघरात बसून रचलं, त्याखाली एकट्या ग्लेनचं नाव.

"जाऊ दे, डोरीन," घरी येऊन तो एवढंच म्हणाला.

डोरीनने त्याला चहा ओतून दिला. जाऊ द्यायचा तिचा विचार नव्हता.

नोव्हेंबरात कोल्डफोर्जचा गावच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरला, तशी पोरं जाकिटं घेऊन तिच्या दारात उभी. तिने प्रत्येकाला आत बसवून काय झालं ते सांगितलं. पाठीवर नाव भरीन, पण नेव्हिलचं. डेरिक नावाचा एक जण कुरकुरला, की बँडच्या जाकिटावर बँडचंच नाव हवं.

"मग ने दुसरीकडे. त्यांचे टाके बघ आणि ये परत."

तो परत आला. सगळी मिळून चौतीस जाकिटं झाली.

पोरं पहिल्या रांगांत जाऊन उभी राहिली, डोरीन मागे भिंतीशी. एरवी ग्लेनच्या पायाशी मान हलवून हलवून केस विस्कटणारी ही पोरं, नेव्हिलचं गाणं सुरू झालं तशी शांतपणे पाठ फिरवून उभी राहिली. ग्लेनच्या डोळ्यांपुढे चौतीस पाठी आणि लाल दोऱ्यात एकच नाव. तो एक कडवं विसरला. कंपनीचा माणूस शेजारच्याला विचारत होता, हा हेस्लप कोण.

कार्यक्रम संपल्यावर ग्लेनने डोरीनला हॉलच्या दारात गाठलं.

"माझं वाटोळं केलंस गं तू. काय हवंय तुला? पुढच्या छपाईत घालतो त्याचं नाव."

"घाल. आणि आजवर विकलेल्या तबकड्या परत आण."

"ते कसं शक्य आहे?"

"मग आपलं मिटलेलं नाही," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावून बसकडे चालू लागली.

पुढच्या छपाईत नाव आलं. ग्लेनची आई बिंगोला भेटे, तेव्हाही डोरीन तिच्या टेबलाशी कधी बसली नाही.

नेव्हिल मात्र त्या कार्यक्रमानंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याच्या परस्पर केलं म्हणून राग आला असेल, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं.

"मला का नाही नेलंस? मला बघायचं होतं त्याचं थोबाड."

तेव्हा डोरीन खुर्चीतून उठली, चमचा माइकसारखा धरला आणि कडवं विसरलेला ग्लेन त्याला करून दाखवला. त्याने तो तिला तीनदा करायला लावला.