पानाची खालची बाजू

वहिनी कुठलंही पान आधी उलटं करून बघते. ती घाटाखालची, तिकडे कीड पानाखाली लपते. आम्ही डोंगरावरची माणसं तिला हसायचो. आमच्या थंडीत कीड वर चढतच नाही, अशी आमची ऐट होती.

आज सकाळी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तिनं पान उलटलं आणि तसंच धरून ठेवलं. खाली पांढऱ्या माश्या चिकटल्या होत्या, राखेच्या कणांसारख्या.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच वळल्या. माहेराहून येताना ती दरवर्षी वांग्याची रोपं आणते. आई पुटपुटली, "हिच्या टोपलीतूनच आल्या असणार." मलाही तसंच वाटलं. संशय घ्यायला समोर माणूस लागतो. हवेवर संशय घ्यायचा तरी कसा?

वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, रोपं मी लग्न झाल्यापासून आणतेय. माश्या तेव्हाही यायच्या. इथला गारठा त्यांना जगू द्यायचा नाही."

मी सवयीनं हात चोळले, तर ते गार नव्हतेच. पौषातल्या सकाळी मी नुसत्या सदऱ्यावर उभा होतो.