शनिवारची टेप

त्या सकाळी हे मोबाईल घरीच विसरून कामावर गेले होते. तो वाजला. परक्या आवाजाशी काय बोलावं ते मला सुचत नाही, म्हणून मी वाजू दिला. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला तर माझी धाकटी जाऊ वैशाली होती. "ताई, हे गेले..." एवढंच म्हणाली. दिगंबरभाऊजी, माझे धाकटे दीर, औरंगाबादला ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. वय बेचाळीस. त्याला आता तीन आठवडे झाले. दोनदा वाजून थांबलेला तो फोन मात्र अजून माझ्या कानातून जात नाही.

भाऊजी केदारखेड्याहून शिकायला जालन्यात आले आणि लग्न होईपर्यंत आमच्याच दोन खोल्यांत राहिले. मी चौथी शिकलेली, माणसांत बुजणारी. भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी भाऊजींना पुढं करायची. ते हसायचे. "वहिनी, माझं लग्न झाल्यावर तुमचं कसं व्हायचं? भाजीवाल्यालाच पाहुणा म्हणून घरी बोलवा, म्हणजे ओळख तरी होईल." पुढं त्यांना बियाण्यांच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम लागलं. सर्व्हर म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा भाकरी खाता खाता सांगितलं होतं. सगळ्या ऑफिसचं एकच कोठार. कोणत्या कपाशीचा कोणत्या कपाशीशी संकर केला, त्याचं काय उगवलं, हे सगळं त्यात. थंड खोलीत बियांची हजारो पाकिटं होती, पण त्यांवर नुसते आकडे. आकड्याचा अर्थ कोठारात. "कोठार गेलं तर पाकिटं मुकी झाली म्हणून समजा," असं म्हणाले होते.

म्हणून रोज ऑफिस सुटताना त्या कोठाराची नक्कल एका टेपवर उतरायची. गाण्याच्या कॅसेटपेक्षा लहान, काळी टेप. ती उतरवणारं सॉफ्टवेअर पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं बसवून दिलं होतं, पण रोज सांभाळायचं काम भाऊजींचं. ऑफिसला आग लागली तर टेपाही जळतील, म्हणून शनिवारची टेप ऑफिसबाहेर ठेवायची असा कायदा होता. भाऊजी ती घरी आणायचे आणि आधीच्या शनिवारची परत न्यायचे. पहिल्यांदा आणली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. "वहिनी, हे तुमच्यापाशी ठेवा. धूळ नको, ऊन नको. दादाला बी हात लावू देऊ नका." मी ती स्टीलच्या डब्यात घालून पेटीत साड्यांच्या मधे ठेवली. कोणी मला घराबाहेरचं काम दिल्याची ती पहिलीच वेळ. शनिवारी डबा त्यांच्यापुढं धरताना मला आपणही ऑफिसात आहोत असं वाटायचं... हे मी कोणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. विळी, खुरपी, ह्यांचे नट आवळायचे पाने, भाऊजींचे स्क्रू-ड्रायव्हर, सगळं धुऊन पाटावर मांडलं. मग मला वाटलं, ज्या वस्तूवर भाऊजींचं पोट आहे तिनं आजच्या दिवशी डब्यात अंधारात का राहावं? म्हणून टेप काढली. तिच्या कडेला बारीक झाकण होतं. ते उचललं तर आत रिबिनीसारखी तपकिरी पट्टी दिसली. खरं सत्त्व ते, असं वाटून ओल्या बोटानं हळद-कुंकू मी त्या पट्टीलाच लावलं. फूल वाहिलं, मनापासून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पदरानं पुसून टेप परत डब्यात ठेवली. शनिवारी भाऊजींनी ती नेली आणि मशीनमध्ये घातली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी वीज जाऊन आली आणि सर्व्हर पुन्हा उठलाच नाही. भाऊजी आधी घाबरले नव्हते, नक्कल होती ना. पण एक टेप वाचता येईना. मग दुसरी, मग तिसरी... पुण्याचा इंजिनिअर आला, त्यानं टेपचं मशीन उघडून आतून कापूस फिरवला. कापूस लाल झाला. आतलं ते कुंकू प्रत्येक टेपला लागत गेलं होतं. खंडेनवमीपासून त्या मशीनवर उतरलेली एकही टेप धड नव्हती, आणि जुन्या टेपाच पुन्हा पुन्हा वापरायच्या असल्यामुळं त्याआधीचंही काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी पडद्यावर हिरवी खूण यायची. ती लिहून झाल्याची खूण होती, वाचता येत असल्याची नव्हती. लिहिलेलं परत वाचून बघायची सोय होती, पण तिला दुप्पट वेळ लागायचा. तोवर लोडशेडिंग सुरू व्हायचं आणि बॅटरी पुरायची नाही. म्हणून भाऊजींनी ती बंद ठेवली होती.

ऑफिसात त्या सणाला सर्व्हरचीही पूजा झाली होती. ती केली होती शिपाई काशिनाथमामांनी. नोकरीची दोन वर्षं उरलेला अंबडकडचा माणूस. सगळ्यांची बोटं त्यांच्याकडं वळली. "काशिनाथमामा शपथा घेऊन राह्यला," भाऊजी जेवताना ह्यांना सांगत होते. "म्हणतो, साहेब, म्या वरून टिकली लावली, आत हात घातला न्हाई. पण कोणी ऐकंना. सोमवारी काढणार त्याला."

माझ्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली.

दोन दिवस मी सांगायचं टाळलं. सोमवारी सकाळी भाऊजींना चहा दिला आणि दाराची चौकट धरून उभी राहिले.

"भाऊजी, ते कुंकू मामांचं न्हाई."

"मंग कोणाचं?"

"माझं हाय. टेपची पूजा केल्ती. झाकण उघडून."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी," ते म्हणाले, "तुमच्यापाशी एवढीच एक वस्तू दिल्ती." आणि चहा न पिता निघून गेले.

ऑफिसात त्यांनी साहेबाला सांगितलं, "कुंकू माझ्या घरचं आहे, मामांचा काही संबंध नाही, आणि टेप वाचून न बघणारा मी आहे." माझं नाव घेतलं नाही. मामा राहिले. भाऊजींनी राजीनामा लिहून दिला, पण लगेच गेले नाहीत. शेतावरच्या मळक्या वह्यांमधून दोन महिने एकेक आकडा पुन्हा कॉम्प्युटरात भरत बसले. तरी काही पाकिटं मुकी राहिलीच. मामा एकदा पिशवीभर मोसंबी घेऊन घरी आले. "तुमचे दीर म्हणजे देवमाणूस हो बाई," म्हणाले. मी आतूनच पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. बाहेर यायची हिंमत झाली नाही.

पुढं भाऊजी औरंगाबादला एका मोठ्या दवाखान्यात याच कामावर लागले. लग्न झालं. दर दिवाळीला यायचे, भाजीवाल्यावरून चिडवायचे, सगळं पहिल्यासारखं. पण माझ्यापाशी त्यांनी पुन्हा काही ठेवायला दिलं नाही. एस.टी. स्टँडवर पिशवी धरायला हात पुढं केला तरी "राहू द्या वहिनी" म्हणायचे. सहज म्हणत असतील. मला मात्र प्रत्येक वेळी त्या सोमवारचं वाक्य ऐकू यायचं. त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघंही पुन्हा बोललो नाही. मी म्हणायचे, पुढच्या दिवाळीला विचारू...

तेराव्यानंतर वैशालीनं त्यांची खोली आवरायला घेतली. टेबलाखाली एक जुनाट कॉम्प्युटर होता. महिन्यातून एकदा दवाखान्यातली नक्कल आणून ते त्याच्यावर परत उघडून बघायचे. शेजारी एक वही होती, मराठीत लिहिलेली, म्हणून मला वाचता आली. दर महिन्याला एकच ओळ. "उघडून पाहिलं. बरोबर आहे." पानंच्या पानं तेच. पुढच्या पानावर तारखेची जागा आखून ठेवली होती, ती कोरीच होती. वहीच्या सुरुवातीला हाताखालच्या लोकांसाठी नियम होते. चौथा असा: "नक्कल ज्याच्या घरी ठेवायची, त्याला ती आधी उघडून दाखवावी. तिला काय चालत नाही, ते तोंडाने सांगावे. न सांगता दिलेल्या कामात चूक झाली तर ती देणाऱ्याची."

"हा नियम सगळ्यांकडून पाठ करून घ्यायचे," वैशाली म्हणाली. "मी एकदा विचारलं, एवढं काय त्याचं? तर म्हणाले, एका माणसाला मी काहीच न सांगता काम दिलं होतं, आणि वर त्यालाच बोललो."

"कोण माणूस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नाव न्हाई सांगितलं. तुम्हाला माहीत असंल तर सांगा ताई."

ती माझ्याकडं बघत होती. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. खूप वेळ विसळत बसले.

तेव्हापासून रात्रंदिवस तेच मनात आहे. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि सांगायचं राहिलं. मलाही विचारायचं राहिलं. तोंडानं मला अजून जमणार नाही, म्हणून हे कागदावर उतरवलं आहे. महिन्याच्या श्राद्धाला वैशालीकडं जाईन तेव्हा तिच्या हातात देईन आणि ती वाचून होईपर्यंत तिच्यासमोर बसेन. वैशाली, तो माणूस मी.